फण्यांच्या तक्त्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा तक्ता आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार थकलो आहे. डोळे तपासताना समोरच्या भिंतीवर जो टांगतात, तोच मी. माझ्यावर अक्षरं नाहीत. सात ओळींत तीन दातांच्या काळ्या आकृत्या आहेत, वर मोठ्या, खाली बारीक होत जाणाऱ्या. एखादीचे दात उजवीकडे, एखादीचे डावीकडे, कुणाचे वर, कुणाचे खाली. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी दात कुठल्या दिशेला आहेत एवढं हातानं दाखवायचं. आटपाडीकडच्या बायका त्या आकृत्यांना फण्या म्हणतात. मलाही तेच नाव आवडतं.

माझा जन्म सांगलीचा. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत जोतीराम पेंटरांचं दुकान होतं. हळदीच्या अडत्यांच्या पाट्या ते रंगवत. पिवळी धूळ उडून ओल्या रंगावर बसायची, म्हणून मला त्यांनी जुन्या धोतराखाली झाकून वाळवलं. एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी मापं लिहून दिली होती, आणि केसाएवढा फरक चालणार नाही असं बजावलं होतं. जोतीराम श्वास धरून एकेक दात ओढत. मला त्यांनी दोन तोंडं दिली. दोन्हींवर सात-सात ओळी, पण फण्यांचा क्रम वेगळा. एका बाजूचा क्रम लोकांच्या कानावर पडून पाठ झाला, तर पालटून टांगायचा. माझी सारी अक्कल एवढीच.

वीस वर्षं मी शिबिरांतून फिरलो. देवळांच्या ओवऱ्या, साखर कारखान्याची कँटीन, शाळांचे व्हरांडे. मग आतून उजळणारे दिव्याचे डबे आले, संगणकाचे पडदे आले, आणि मी सांगलीतल्या एका नेत्रविज्ञान महाविद्यालयात कपाटामागे उभा राहिलो. पाठीला भिंतीची ओल, तोंडाला कोळ्याची जाळी.

तिथून मला संयोगितानं बाहेर काढलं. ती फलटणकडची, उसाच्या रानातल्या घरातली. वडील नानासो फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पोरीनं नेत्रविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि पुढे पीएच.डी.ला नाव घातलं. तिचा प्रश्न साधा होता. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या बायकांची दूरची नजर गावात राहणाऱ्या बायकांपेक्षा चांगली असते का? विट्यातल्या बायका तपासून झाल्या होत्या. आता मेंढपाळांच्या पाच वस्त्या राहिल्या होत्या. तिथे विजेचा भरवसा नाही, उन्हात पडद्यावरचं काही दिसत नाही. तिचे मार्गदर्शक वीरधवल सर. त्यांनी पट्टी घेऊन माझी प्रत्येक फणी मोजली, मान हलवली आणि संयोगिताला एकच गोष्ट सांगितली. दर दहा बायकांनंतर तक्ता पालटायचा आणि तशी खूण वहीत करायची.

तिनं विट्यात खोली घेतली. घरमालकिणीचा नवरा दूर कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानात, त्यामुळे बाईलाही सोबत झाली. रोज सकाळी मी गोणपाटात, गोणपाट स्कूटीच्या पायाशी, आणि आम्ही दोघं पूर्वेला. मेंढपाळ दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन पश्चिमेला जातात, ते आषाढालाच परततात. म्हणजे वर्षातले तीन-चार महिनेच बायका घरी. तेवढ्यातच तिची धावपळ.

पहिल्या वस्तीवर बनाबाई भेटली. साठीची, कपाळावर गोंदण, आवाज मात्र विशीतला. पंचक्रोशीत लग्न असलं की ओवी जुळवायला हिलाच बोलावणं. सहा मीटर दोरी ताणून संयोगितानं तिला उभं केलं. बनाबाईनं पहिली फणी हातानं दाखवली. दुसऱ्या ओळीशी ती थांबली. डोळे बारीक केले, मान वळवली, पण हात काही उचलला नाही.

संयोगिताला त्या दिवशी उन्हाचा त्रास झाला होता. डोकं ठणकत होतं, ओठ सुकले होते. तिनं वहीत लिहिलं, बनाबाईला सांगलीला येऊन डोळे दाखवा असं सांगितलं आणि ती दगडावर बसून पाणी प्यायली. एवढंच घडलं. मग चहा पिताना बायकांनी विचारलं, हे सगळं कशाला करतेस? ती म्हणाली, माझी मोठी परीक्षा आहे, पाच वर्षं चाललीय. बनाबाई तिच्या उतरलेल्या तोंडाकडे बघत बसली.

पहिल्या वस्तीच्या सेहेचाळीस बायकांची नोंद तशी खरी झाली. कुणाला चार ओळी दिसल्या, कुणाला दोन. पण दुसऱ्या वस्तीवर गेलो आणि चमत्कार झाला. बाई उभी राहायची आणि पहिल्या ओळीपासून सातवीपर्यंत हात फिरवत जायची. वर, खाली, डावा, उजवा. न अडखळता. तिसऱ्या वस्तीवर तसंच. चौथीवरही.

दुसऱ्या वस्तीवरच्या पहिल्या दहा जणींनंतरच संयोगिताच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू आलं. त्या हसण्याच्या भरात, आणि थकव्याच्याही, तिनं मला पालटणं सोडून दिलं. माझी एक बाजू ओलीनं थोडी गंजली होती. स्वच्छ बाजू पुढे, असं तिला वाटलं. वहीतला पालटल्याच्या खुणांचा रकाना मोकळा राहिला.

मला मात्र ऐकू येत होतं. रांगेतल्या बायका तोंडातल्या तोंडात गुणगुणत. ओळीला एक कडवं, अशी सात कडवी. पाचव्या ओळीचं मला अजून आठवतं:

पैल्या फणीचं दात, बाई, उजव्या हाताला,
दुसरीचं मातीला गं, तिसरीचं आभाळाला.
चवथीचं डाव्या अंगाला, पाचवी पुन्यांदा खाली,
सांगा गं सांगा, बायांनू, पोर पास झाली.

ही ओवी बनाबाईची. धाकट्या सुनेची नजर चांगली होती. संयोगिता भाकरी खायला बसली तेव्हा सुनेनं माझ्या सगळ्या फण्या सासूला सांगितल्या आणि बनाबाईनं त्या गाण्यात ओवल्या. मग आठवडी बाजारात मेंढरं विकताना, माहेरवाशिणींच्या तोंडून, ओवी वस्तीवस्तीला पोचली. मित्रांनो, मला तोंडं दोन, पण बोलायला एकालाही येत नाही. मी खिळ्याला टांगून नुसता ऐकत राहिलो.

हिवाळ्यात सरांनी आणि तिनं एका परिषदेत हे निष्कर्ष मांडले. मोकळ्या माळाकडे बघत जगणाऱ्या बायकांची नजर कशी तीक्ष्ण असते, हे ऐकून मोठमोठ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टेबलावर ठेवलं होतं, माझाही फोटो निघाला. वीस वर्षांत माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. आणि ते घेताना मला जितकं ओशाळं वाटलं तितकं कपाटामागेही वाटलं नव्हतं.

पुढच्या भाद्रपदात पाचवी वस्ती घेतली. प्रबंध सादर करायला तीन महिने उरले होते. मुदत एकदा वाढवून झाली होती. नानासो फोनवर दर दोन दिवसांनी विचारत, झालं का गं, आणि ती म्हणे, होत आलं, आबा. त्या दिवशी माळावर वारा भणाणला. मी बाभळीवरून सुटलो आणि दगडावर आपटलो. स्वच्छ बाजूच्या तिसऱ्या ओळीचा रंग उडाला. नाइलाजानं संयोगितानं माझं दुसरं तोंड पुढे केलं.

पहिली बाई उभी राहिली आणि सगळं चुकली. दुसरीही. तिसरीही. संयोगिता लिहीत राहिली. नवव्या बाईला, शालूबाईला, तिनं मध्येच थांबवलं. वहीची मागची पानं उलटली. परत माझ्याकडे पाहिलं. ज्यांना दिसत नाही ती माणसं आपापल्या परीनं चुकतात. इथे नऊ जणी अगदी एकसारख्या चुकल्या होत्या. माझ्या मागच्या तोंडावर जे होतं, ते त्या बरोबर सांगत होत्या.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. कुणी शिकवलं, असं तिनं विचारलं तेव्हा सगळ्या पदर सावरत मागे बघू लागल्या. बनाबाई त्या दिवशी लेकीकडे म्हणून त्याच वस्तीवर आली होती. ती पुढे झाली.

"मी शिकिवलं. माझ्यापाशी आलीस तवा मला एकच फनी दिसली. तुझं तोंड एवढंसं झालं. म्हनलं, या म्हातारीपायी पोर नापास व्हायची."

 संयोगिता हळूच म्हणाली, "आवं आत्या, मला तुमची नजर मोजायची होती. दिसत नाही म्हणाला असता, तरी माझं काम झालं असतं."

"दिसत न्हाई म्हनलं तरी तू पास?"

"हो."

"मग तसं आधी सांगायचं न्हवं का, बये."

 संमतीपत्र संयोगितानं प्रत्येकीला वाचून दाखवलं होतं, अगदी शिस्तीत, छापील भाषेत. पण चहाच्या पेल्याएवढ्या सोप्या शब्दांत हे एक वाक्य कुणालाच सांगितलं नव्हतं. बनाबाईनं पुढे असंही ऐकवलं की एवढी शिकलेली पोर, पण पाखरागत भाकरीचं टवकं खाती, मग तोंड उतरंल न्हाई तर काय. दोघी-तिघी हसल्या. संयोगिताला हसू आलं नाही.

ती परत खोलीवर आली आणि मला भिंतीला टेकवून समोर बसली. या नऊ जणींची पानं फाडली असती, तर कुणाला कळलं नसतं. चार वस्त्यांवर प्रबंध उभा राहत होता. टाळ्या वाजून गेल्या होत्या. पण ओवी पोचलेल्या तीन वस्त्यांत कितीतरी बायका अशा असणार ज्यांना समोरचं लेकरू नीट दिसत नव्हतं, आणि तिच्या वहीत मात्र त्यांची नजर शाबूत होती. त्यांना चष्मा कधीच मिळाला नसता. नानासोंचा फोन वाजला. तिनं त्यांना सगळं सांगितलं.  मग ते एवढंच म्हणाले, की चुकीचा रिपोर्ट वर पाठवायचा नसतो, आणि जेवलीस का.

दुसऱ्या दिवशी सांगलीत तिनं वीरधवल सरांपुढे वही ठेवली.

"किती जणींची नोंद खोटी?" सरांनी विचारलं.

"दीडशे."

 वहीतला तो मोकळा रकाना सरांनी बोटानं वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, हा मीही पाहायला हवा होता. निष्कर्ष मागे घेत असल्याचं पत्र परिषदेला गेलं. खाली सह्या दोघांच्या. विद्यापीठानं शेवटची म्हणून एक वर्षाची मुदत दिली.

माझा उडालेला रंग भरायला मला जोतीराम पेंटरांकडे नेलं. फ्लेक्स आल्यापासून त्यांचे ब्रश डब्यात वाळून पडले होते. त्यांनी एक ब्रश रॉकेलमध्ये भिजवून मऊ केला, माझी तिसरी ओळ नीट केली आणि हात कापतो म्हणून दोनदा मापून पाहिलं. सरांनी पुन्हा पट्टी लावली. फरक नव्हता.

मग दीडशे बायका पुन्हा. दसरा तोंडावर आलेला, वस्त्यांवर बिऱ्हाडं बांधायची गडबड. आता संयोगिता प्रत्येक बाईला मला पालटत होती. तरीही बायका बोलेनात. दिसत नाही म्हणायची त्यांना लाज वाटे. म्हातारी झाले, असं चारचौघींत कबूल केल्यासारखं. तेव्हा बनाबाई दोरीपाशी येऊन उभी राहिली. हात वर केला, एक फणी दाखवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला एवढीच दिसती. खाली समदा धुरळा हाय." संयोगितानं लिहून घेतलं. त्यानंतर रांग हलली.

दसऱ्यापर्यंत निम्म्याच झाल्या. उरलेल्या मेंढरांबरोबर निघून गेल्या. हिवाळाभर आम्ही त्यांच्या मागे फिरलो. कृष्णेकाठी ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवलेली असत. कळप कालच पुढे गेला, असं ऐकून कितीदा तरी माघारी वळलो. ती स्कूटी थांबवून बांधावर नुसती बसून राहायची. मी गोणपाटात. 

मोठा निष्कर्ष काही निघाला नाही. माळावरच्या बायकांची नजर विट्यातल्या बायकांसारखीच निघाली. निम्म्यांना चष्मा हवा होता. महाविद्यालयानं चष्मे पाठवले, बनाबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीत झालं. प्रबंध अजून लिहून व्हायचा आहे. त्याला टाळ्या पडतील असं मला वाटत नाही.

शेवटची शालूबाई राहिली होती. ती परवा, चैत्राच्या उन्हात, एका ओढ्याकाठी सापडली. भाद्रपदात थांबवेपर्यंत हिनं ओळी धडाधड म्हटल्या होत्या. आता दोन ओळी सांगून ती थांबली. कडेवरच्या लेकराला सावरलं, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पुढचं न्हाई दिसत."

संयोगितानं दुसऱ्या ओळीखाली रेघ ओढली आणि वही मिटली.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊबंद येईल. त्याच्यावर धूळ असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. रांगेत पुढच्याचं ऐकून पाठ करू नका. तपासणाऱ्या ताई किंवा सर फार थकलेले दिसले, तर त्यांना तक्ता पालटायची आठवण करा. आणि स्वतःला जिथपर्यंत दिसतं तिथपर्यंतच सांगून थांबा. तिथे थांबलात की समोरचं माणूस पेन्सिलीनं एक लहानशी रेघ ओढेल. त्या रेघेसाठी एक पोर आठ महिने माझं ओझं घेऊन उन्हातान्हात फिरली आहे.