खट्‌ आवाजाची वाट पाहणारी

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. पेडण्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले. माझी किल्ली हरवली आहे. मी उघडेच आहे, त्यामुळे माझ्याकडे कोणी बघत नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मला सगुणबाबांनी आणले. ते दवाखान्याचे कारकून. रुग्णांचे कागद ठेवायच्या कपाटावर त्यांनी मला चढवले आणि किल्ली स्वतःच्या जानव्याला बांधली. तिथेच आमची ताटातूट झाली. किल्ली त्यांच्याबरोबर घरी जाई, लग्नाच्या पंगतीत बसे. मी रविवारभर त्या ओस खोलीत कडीला लोंबकळत राही. पाठीशी शेकडो माणसांची दुखणी आणि बोलायला कोणी नाही. माझी तक्रार नव्हती म्हणा. न बोलण्यासाठीच माझी नेमणूक झाली होती.

इब्रामपूरची भाग्यलक्ष्मी क्षयाच्या औषधासाठी येई. मावशीकडे जाते असे शेजाऱ्यांना सांगून येई आणि शेवटच्या बाकावर बसे. तिचा कागद आत गेला की मी खट्‌ करून मिटत असे. तो आवाज ऐकल्याशिवाय ती उठत नसे. मित्रांनो, माझी वाट पाहणारी ती एकटीच.

ती बरी झाली. मोरजीच्या एका घरी तिचे लग्नही ठरले.

त्याच वर्षी गोवा राज्य झाले. समारंभाला मोठे साहेब दवाखाना बघायला येणार होते. सगुणबाबांनी दारात फलक लावायचे ठरवले : क्षयातून पूर्ण बरे झालेले अकरा रुग्ण. मथळा मराठीत की कोंकणीत, यावरून त्यांचे आणि कंपाउंडर गोपाळचे दोन दिवस वाजले. दोघांनी एकमेकांचा चहा बंद केला. शेवटी दोन्ही मथळे एकाखाली एक आले. खाली अकरा नावे, गावे, घराण्याच्या खुणा, सगळे सुबक अक्षरात. मथळ्यापुढे नावांचा विचार करायला कोणाला सवड झाली नाही. फलकाला अबोलीची माळ घातली गेली.

मला कोणी फोडले नव्हते. किल्ली घातली, मी उघडले, कागद निघाले. सगळे अगदी रीतसर.

समारंभाला मोरजीचे पाहुणेही आले होते. पेढा खाता खाता त्यांनी फलक वाचला. चौथ्या दिवशी निरोप आला : मुलीचे दुसरीकडे बघा.

भाग्यलक्ष्मी दवाखान्यात आली. या वेळी ती बाकावर बसली नाही.

"मामा, माझा नाव कित्याक लिवल्यात?"

"अगो, बरी झालंस म्हणान लिवलंय! आजारी असतंस तर लिवलं असतंय काय?" सगुणबाब खरेच चकित झाले होते.

"तुम्ही बरी झालंय म्हणान लिवल्यात. लोकांनी आजारी होतंय इतक्याच वाचल्यानी."

ती गेली. सगुणबाबांनी फलक उतरवला. पण वाचलेले उतरवायला त्यांच्याकडे काही नव्हते.

त्यानंतर ते बदलले. कोणी कागद मागायला आला की विचारीत, "कोणाचो? त्येका विचारलंस?" सख्ख्या भावालाही ते परत पाठवीत. एकदा वरच्या कचेरीने रुग्णांची यादी मागवली, तर त्यांनी नुसते आकडे पाठवले. तिथले साहेब येऊन डाफरले, "यादीत नावं कुठं आहेत?"

"आकडे तुमचे, साहेब," सगुणबाब थंडपणे म्हणाले, "नावां त्यांची." त्यावरून त्यांची बदली होता होता राहिली. गोपाळने त्या दिवशी त्यांना पुन्हा चहा पाजला.

मित्रांनो, कुलपाला किल्ली कोणाच्या हातात आहे एवढेच कळते. त्या हाताच्या मनात काय आहे, ते कळत नाही. कौतुकानेही कपाट उघडता येते. म्हणून दुसऱ्याच्या दुखण्याचा कागद कधी तुमच्या हाती आला, तर तो ज्याचा आहे त्याला आधी विचारा. तुम्ही कितीही चांगले असलात तरी विचारा.

बऱ्याच वर्षांनी भाग्यलक्ष्मी आणखी एकदा आली. तिचे केस पिकले होते. पणजीच्या डॉक्टरांना दाखवायला तिला स्वतःचाच जुना कागद हवा होता. सगुणबाबांनी तो न वाचता पाकिटात घातला, पाकीट चिकटवून तिच्या हाती दिले आणि मला जपून, नेहमीपेक्षा जोरात बंद केले. खट्‌.

ती तोवर फाटकाबाहेर पोचली होती.