डाव्या कोपऱ्यातले अकरा खडे

बाइंडरांच्या कामाच्या मेजावर, पुस्तके दाबायचा शिकंजा आणि खळीचे भांडे यांच्या मधोमध, एक लाकडी पट दीड वर्ष मांडलेला होता. पटावर उभ्याआडव्या रेषा, आणि रेषा छेदतात तिथे काळे-पांढरे खडे. एकदा ठेवलेला खडा हलत नाही. चहूबाजूंनी कोंडला गेला तरच तो उचलतात. शेवटी ज्याने अधिक जागा वेढली तो जिंकला. नियम एवढेच. पण एवढ्यावरून बाइंडर आणि त्यांचे मित्र, दाताचे डॉक्टर, तीस वर्षे दर रविवारी हमरीतुमरीवर येत आले होते.

डॉक्टरांचा हात वरचढ. म्हणून बाइंडरांना तीन काळे खडे आधीच मांडायला मिळत आणि मग पहिली चाल डॉक्टर करीत. खडे पुढे सरकवताना ते न चुकता म्हणत, "हे तीन माझ्याकडून. बाकीची अक्कल घरून आण." या माणसाशी एकदा तरी बरोबरीने बसायचे, ही बाइंडरांची आयुष्यभराची इच्छा होती.

पुढे डॉक्टरांचे गुडघे गेले आणि ते दूरच्या शहरी लेकीकडे राहायला गेले. खेळ पत्रांतून चालू राहिला. एका पत्रात एक चाल. सुनेने फोन करायचे सुचवले, तेव्हा बाइंडर म्हणाले, "फोनवर तो गुडघे आणि साखर सांगतो. बोलतो तो पत्रात."

एका सकाळी त्यांना डाव्या कोपऱ्यातले अकरा पांढरे खडे निराळेच दिसले. तिथे एक काळा खडा पडला, की अकराच्या अकरा मेले आणि डाव बाइंडरांचा. तोच छेद पांढऱ्याने आधी धरला, तर ते वाचले आणि डाव डॉक्टरांचा. कोणीही तिथे खेळो, डाव संपणार होता. बाइंडरांचा हात खड्यांच्या डबीपर्यंत गेला आणि आखडला. डाव संपल्यावर पत्र कशासाठी येणार? त्यांनी खडा भलतीकडेच ठेवला. आठ दिवसांनी उत्तर आले. डॉक्टरही भलतीकडेच खेळले होते. असे चार महिने चालले.

सूनही त्यांच्याबरोबर पुस्तकांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवत असे, आणि बघता बघता खेळ शिकली होती. एके दिवशी सुईत दोरा ओवताना तिने विचारले, "बाबा, काकांना तो कोपरा दिसत नाही का हो?"

दाढेच्या तळाची कीड हुडकणाऱ्या माणसाला अकरा खडे दिसू नयेत, याचा अर्थ बाइंडरांना एकच लागला: मित्राची बुद्धी मालवू लागली होती. त्या दिवशी त्यांनी चौथा फर्मा तिसऱ्याच्या आधी शिवला, जन्मात प्रथमच. मग त्यांनी स्वतःशी वाद घातला. न मारणे म्हणजे कीव करणे. आणि तीस वर्षांत दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची कीव केली नव्हती. त्यांनी ती चाल लिहिली. पाकीट टपालपेटीच्या तोंडातून सुटले आणि त्याच क्षणी त्यांना ते परत हवेसे झाले.

आठ दिवस गेले, दहा गेले. सतराव्या दिवशी पत्र आले. अक्षर नेहमीसारखेच, दाभणाने टोचल्यासारखे.

"गाढवा, चार महिने लावलेस. तो कोपरा तुझ्या आधी मला दिसला होता. तू सोडलास तेव्हा कळलं, तुला डाव संपवायचा नाही. मग मी कशाला संपवू? असो, हरलो. हे लिहून टाकायला धीर होत नव्हता, म्हणून उशीर. यापुढे तुला खडे नाहीत. बरोबरीने खेळू, पत्रातूनच, पहिली चाल तुझी. मला प्रवासाला डॉक्टर परवानगी देत नाहीत, आणि त्यांतला एक डॉक्टर मी स्वतः आहे."

बाइंडरांनी सगळे खडे उचलून पट पुसला. दीड वर्षाने उघडे पडलेले लाकूड खड्यांखाली गडद राहिले होते. बरोबरी मिळाली होती. त्यांनी पहिला खडा उचलला. पण त्यांची नजर पुन्हापुन्हा त्या तीन मोकळ्या जागांकडेच जात होती. तिथे आता कोणीही काहीही सरकवणार नव्हते.

शेवटी त्यांनी आणखी दोन खडे घेतले, तिन्ही आपापल्या जागी मांडले, आणि कागद पुढे ओढून लिहिले:

"तुझे तीन खडे ठेवून घेतले आहेत. बाकीची अक्कल घरून आणली आहे. पहिली चाल तुझी."