चाखण्याची बरणी

कारखान्याच्या कँटीनचे मुख्य आचारी दुपारी जेवत नसत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ही गोष्ट ते चारचौघांत छाती फुगवून सांगत. त्यामुळे कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद पुढे सरकवला, तेव्हा ते चक्रावलेच.

"पाच गोष्टी बघतो आम्ही," बाई म्हणाल्या. "पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल. त्यातल्या तीन बिघडल्या तरी हृदयाला धोका वाढतो. तुमच्या चार बिघडल्यात. तीन महिन्यांत फरक दिसला नाही, तर शेगडीपुढचं काम बंद. कोठीत बसा मग."

कोठीत! तीस वर्षं पळी चालवलेल्या माणसाने पोती राखायची? पण या भीतीपेक्षा उस्तादांना एक प्रश्न जास्त छळत होता. जो जेवतच नाही, त्याचं पोट सुटतं कसं?

बायकोलाही तोच प्रश्न पडला. ती शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली तरी खोड गेली नव्हती. तिने माळ्यावरून दोन लिटरची काचेची बरणी काढली.

"उद्या जेवढं तोंडात जाईल, तेवढंच हिच्यात टाका. चाखाल तेसुद्धा."

"अगं, चाखणं म्हणजे काय खाणं झालं?"

"तेच तर बघायचंय."

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी सूप चाखलं, तेवढंच बरणीत ओतलं. मग रस्सा. मीठ घातल्यावर पुन्हा रस्सा, कारण बघायला नको? मग सॉस, कस्टर्ड, परत सूप. अकराला बरणी पाव भरली, बाराला अर्धी. हात आवरायचं ठरवलं, पण तो आपसूक पळीकडे जाई. चारशे माणसं जेवून गेली. एकानेही मीठ मागितलं नाही. उस्तादांकडे कधीच कोणी मागत नसे. पाण्याचे जग मात्र रोजच्यासारखे तीनदा भरावे लागले. यंत्रांच्या धगीने तहान लागणारच, असं उस्तादांचं मत होतं.

चार वाजता बरणी गळ्यापर्यंत भरली होती. उस्ताद आ वासून तिच्याकडे बघत राहिले.

घरी बायकोने त्यात चमचा बुडवून जिभेला लावला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"अगं बाई! केवढं खारट!"

"काहीतरीच. सगळं एकत्र झालंय म्हणून."

"कस्टर्ड मिसळल्यावर खारटपणा वाढतो होय?" ती हसली. "घरी माझ्या भाजीवर तुम्ही रोज वरून मीठ घेता. मला इतकी वर्षं वाटायचं, मलाच स्वयंपाक जमत नाही."

उस्तादांना फार वाईट वाटलं.

सकाळी कँटीनमध्ये त्यांनी भांडी घासणाऱ्या मावशींच्या हातात रश्शाचा चमचा दिला. "जरा मीठ बघा बरं."

"मी?" मावशींनी पदराला हात पुसले. चाखलं आणि पाणी प्यायल्या. "खरं सांगू, उस्ताद? रागवायचं नाही. मी पाच वर्षं घरून डबा आणते."

"का?"

"मला प्रेशर आहे. तुमचं जेवण झेपत नाही मला."

पाच वर्षं ही बाई कोपऱ्यात बसून डबा खात होती आणि उस्तादांना वाटायचं, बुजरी आहे बिचारी. त्यांनी रस्सा पहिल्यापासून केला, निम्म्या मिठात. मावशी म्हणाल्या, "आता बरोबर." उस्तादांना तो पाणचट लागला. हात मिठाच्या डब्याकडे गेलाच. मग त्यांनी तो डबाच मावशींच्या हवाली केला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

जेवणाच्या रांगेत चार-पाच जणांनी मीठ मागितलं. "उस्ताद, आज हात आखडला का?" एकाने विचारलंही. उस्तादांचा चेहरा पडला.

अडीचला मावशी पाण्याचे जग गोळा करायला गेल्या. तिथूनच त्यांनी हाक मारली, "उस्ताद, इकडे या!"

उस्तादांनी एक जग उचलला. जड लागला. दुसराही तसाच. आज ते एकदाच भरले होते आणि अर्धे उरले होते. यंत्रं तर कालच्याइतकीच तापली होती.

चारशे माणसं, रोज, आणि आपल्या हातचं एवढं मीठ. उस्तादांनी जग खाली ठेवला.

"मावशी," ते म्हणाले, "उद्यापासून डबा आणू नका."