वेंडेलचे जुने मूत्रपिंड

शुगर बीट या घोडीवर बसायचे तर जॉकीचे वजन एकशे बारा पौंडांवर जाता कामा नये. वेंडेल प्रुइट भरला एकशे पंधरा. तीन पौंड उतरवले तर शर्यत त्याची, कदाचित सारा हंगामही त्याचाच. मित्रांनो, मी एक जुने मूत्रपिंड आहे. याच वेंडेलच्या पाठीत डाव्या बाजूला माझा मुक्काम. ते तीन पौंड माझ्या खात्यातून निघणार होते, पण मला कोणी विचारले नाही.

माझे काम साधे. अंगातले पाणी घटले की रक्त दाट होते. मेंदूत बसलेल्या पहारेकऱ्याला ते लगेच कळते. तो रक्तातून मला निरोप धाडतो की पाणी सोडू नकोस. मी मूठ आवळतो आणि तिकडे वेंडेलला तहान लागते. तो पाणी प्यायला की रक्त पूर्ववत होते, निरोप थांबतो, मी मूठ सैल करतो. दिवसभर हेच. एका डॉक्टरने तपासून "उत्तम" म्हटले होते. आयुष्यातले कौतुक एवढेच.

त्या दिवशी वेंडेल रबरी सूट घालून वाफेच्या खोलीत बसला. निरोप आला, मी मूठ आवळली. घामातून दोन पौंड गेले. तिसरा मी धरून ठेवला, त्याच्याच भल्यासाठी.

वजनकाट्यापाशी घोडीचा प्रशिक्षक हार्लन स्टब्स उभा होता.

"अजून एक पौंड? काल जेवलास की काय, वेंडेल?"

"अर्धं अंडं खाल्लं."

"खादाडच आहेस. ही गोळी घे, लघवीवाटे पाणी धो धो उतरतं. घोडीलाही हेच औषध टोचतो, ती कधी कुरकुरली नाही."

"तिला काट्यावर कोण चढवतं?" वेंडेल म्हणाला, आणि गोळी गिळली.

माझी मूठ उघडली. पहारेकरी निरोपामागून निरोप धाडत होता आणि मी पाणी सोडत होतो. वेंडेल जिंकला. मग एकोणीस वर्षे तीच गोळी, तीच वाफ, वर अंगदुखीच्या गोळ्या. मी आणि उजवीकडचा माझा जोडीदार आक्रसत गेलो.

शेवटी आमचे काम यंत्राकडे गेले. आठवड्यातून तीनदा रक्त त्यातून फिरायचे, आणि जादा पाणी बाहेर टाकायला कोणी नसल्याने प्यायला दिवसाला मोजून चार पेले. तहान लागायची, पण प्यायची सोय उरली नव्हती.

त्याची थोरली बहीण ओपल शाळेची बस चालवते. तिने आपले एक मूत्रपिंड द्यायचे ठरवले.

"लहानपणी माझी सायकल नेलीस ती मोडून आणलीस," ती म्हणाली. "हे तरी नीट वापर."

"ताई, रडवू नकोस. आजचे चारही पेले संपलेत."

नवे बसवले तरी जुने काढत नाहीत. मी इथेच आहे, सुकलेल्या अंजिराएवढा. खाली ओटीपोटात ओपलचे मूत्रपिंड निरोप ऐकते आणि निमूट राबते.

मित्रांनो, तहान लागली की पाणी प्या. आत कोणी तुमच्यासाठी पाणी धरून ठेवत असेल, तर त्याची मूठ उघडायला जाऊ नका. शर्यत वेंडेलने मारली, नाव स्टब्सचे झाले. ओपल आयुष्यात कधी घोड्यावर बसली नाही. बरगडीखालचा वण मात्र तिच्या अंगावर आहे.