चेअरमनबाईचं कटर

आमच्या शेळी-मेंढीपालन सहकारी संस्थेची मी चेअरमन. जागा बाईसाठी सुटली, आमच्या आळीत लिहिता-वाचता येणारी बाई मीच, म्हणून झाले. त्याआधी मला चतुराबाई म्हणून कुणी हाक मारत नव्हतं, बंकटची बायको एवढीच ओळख. चेअरमन झाले आणि संस्थेच्या नावावर जे एकुलतं एक यंत्र आलं त्याचं ओझं माझ्या डोक्यावर आलं. खरंच डोक्यावर. टोपल्यात घालून मी ते तेलगावला किती वेळा वाहिलं, त्याचा हिशेब मी ठेवला नाही.

यंत्र म्हणजे पेट्रोलवर चालणारं, लाकूड कापायचं, दातेरी साखळीचं. त्याला आमच्यात कटर म्हणतात. शेळ्या पाळणाऱ्यांना कटर कशाला, असं तुम्ही विचाराल. तालुक्याच्या साहेबानंही विचारलं होतं. दुष्काळ पडला की गाई-म्हशींना छावणी असते, शेळीला कोण विचारतो? शेळी आपली झाडावर जगते. त्या साली पाऊस नुसतं तोंड दाखवून गेला. दसऱ्यालाच रान उघडं पडलं आणि हिरवी राहिली ती फक्त ओढ्याकाठची उंबरं. दिवाळी झाली तशी तरणी माणसं ऊसतोडीला गेली, त्यात आमचा पोरगा आणि सूनही. मागं राहिलो आम्ही म्हातारे आणि शेळ्या.

आता उंबराचा पाला काढायचा तर खालच्या डहाळ्या आकडीनं ओढून कधीच संपलेल्या. वरचा पाला पाहिजे तर माणूस वर चढला पाहिजे. आणि चढणारा गावात एकच उरला होता, आमचे मालक.

मालकांसारखं झाडावर चढणारं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. पण दोन वर्षांमागं ते लिंबावरून पडले. खुब्यात सळई बसवली. बीडच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, ह्यांना आता झाडावर चढू देऊ नका. पुन्हा पडले तर कंबर जाईल, मग आयुष्यभर तुम्हीच उठवायचं आणि तुम्हीच बसवायचं." त्या दिवसापासून मालक झाडाकडं बघायला लागले की मी त्यांना हाक मारून घरात बोलवायचे. साहेबाच्या टेबलापुढं हट्टानं बसून मी कटर मागून घेतलं, ते संस्थेच्या भल्यासाठी हे खरं. पण त्याहून खरं हे की मला माझा नवरा जमिनीवर पाहिजे होता. आप्पाराव आमचा शेजारी, त्याच्या बैलगाडीवर उभं राहायचं, जाडजूड फांदी बुडातून कापायची, पाल्यासकट ती खाली येते. चढायचं कामच नाही.

कटर आलं तेव्हा मालक लहान पोरासारखे हरखले. पण उंबर म्हणजे दत्ताचं झाड. त्याला लोखंड लावायचं तर आधी माफी मागावी लागते. रोज कापायच्या आधी मालक उंबराच्या बुडाला हळद-कुंकू वाहायचे, हात जोडायचे, "पोटासाठी करतो, बाबा" म्हणायचे. मग चिमूटभर कुंकू कटरवरही टाकायचे. पाप तर त्याच्याच हातून घडणार होतं. रोज न चुकता. मीही कौतुकानं कुंकवाची डबी पुढं करायचे.

आणि कटर काही चालेना. चार दिवस चालायचं, पाचव्या दिवशी खोकायचं, गुदमरल्यासारखं व्हायचं आणि बंद पडायचं. दोरी ओढून ओढून आप्पारावचा दंड सुजायचा. मी ते तेलगावला न्यायची. तिथं ज्याच्याकडून ते आलं होतं तो उत्तरेश्वर शेठ ते आत न्यायचा, घटकाभरानं बाहेर आणायचा, एका झटक्यात सुरू करून दाखवायचा. काय झालं होतं विचारलं की कधी पेट्रोल खराब, कधी प्लग काळा, कधी म्हणे तुमच्या माणसांना चालवता येत नाही. पुन्हा चार दिवस. पुन्हा खोकला. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना.

पौषात ते पुन्हा बंद पडलं. गोठ्यात अर्ध्या शेळ्या गाभण होत्या. दोन दिवस त्यांना वाळल्या शेंगा आणि पुठ्ठे घातले. हो, पुठ्ठे. शेळी पुठ्ठा खाते, पण तो खाताना तिच्या डोळ्यांत बघू नये. तिसऱ्या दिवशी तांबडीनं मेलेलं करडू टाकलं. मालकांनी ते गोठ्यामागं पुरलं आणि ते कोयत्याला धार लावायला लागले.

मी टोपलं उचललं. म्हणाले, "मी तेलगावला जाते. कटर चालू करून आणते. तवर झाडाकडं बघायचं बी न्हाई. बिरोबाची आण हाय तुमाला."

ते म्हणाले, "शेठ न्हाई म्हणला तर?"

"न्हाई कसा म्हणतो? त्याच्या दुकानात ठिय्या मारीन."

"बरं. त्यानं न्हाई म्हणेपतुर थांबतो," मालक म्हणाले. बिरोबाची आण ते कधी मोडत नसत, म्हणून मी निर्धास्त निघाले.

तेलगावच्या दुकानात त्या दिवशी मांडव पडला होता. कुणी पुढारी नव्या यंत्राचं उद्घाटन करायला येणार होता. उत्तरेश्वर शेठ पांढऱ्या कपड्यात, कपाळाला गंध, हार मोजत उभा. मला बघितलं आणि तोंड असं केलं की जणू उधारी मागायला आले.

"आज न्हाई, बाई. आठ दिसांनी या."

"आठ दिसांनी शेळ्या राहत न्हाईत, शेठ."

"मेकॅनिक गावाला गेलाय. पार्ट पुण्याहून येतो. आन् हे संस्थेचं मशीन हाय, चेअरमन आल्याबिगर आमाला हात लावता येत न्हाई."

"चेअरमन मीच हाय."

"तसं न्हाई. खरा चेअरमन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चेअरमन बाई असली की खरा चेअरमन कुणीतरी दुसरा असतो, हे ह्या लोकांच्या डोक्यातून ब्रह्मदेव आला तरी जायचं नाही. मी म्हणाले, "खरा चेअरमन घरी भाकरी भाजतोय, त्याला येळ न्हाई. मशीन घ्या." तो हसला नाही. पाठ फिरवून मांडवाकडं गेला.

मी उंबऱ्यात फतकल मारून बसले. कटर मांडीवर घेतलं. येणारा-जाणारा मला ओलांडून जायचा, मी हलले नाही. शेठ दोनदा ओरडून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी रडले. खोटं नाही, भांडायच्या हिशेबानं गेले होते आणि रडले. पाया पडले. म्हणाले, "शेठ, मालक झाडावर चढतील. त्यांच्या खुब्यात सळई हाय. पडले तर उठायचे न्हाईत." त्यानं सगळ्या लोकांदेखत माझ्या हातातून धोतर सोडवून घेतलं आणि म्हणाला, "मग चढू नका म्हणावं. त्याला मी काय करू?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. आप्पाराव होता. "चतुराबाई, काय झालं? काय म्हणला शेठ?"

माझ्या डोळ्यांत पाणी, तोंडात शिव्या. मी म्हणाले, "काय म्हणणार मुडदा! न्हाई म्हणतो. आठ दिसांनी ये म्हणतो." आणि फोन बंद केला.

पुढाऱ्याची गाडी फाट्यावर आली असं कुणीतरी ओरडलं. आता मात्र शेठला घाम फुटला. दारात एक म्हातारी यंत्र मांडीवर घेऊन गळा काढून बसलेली, आणि वर पुढारी फोटोला येणार. त्यानं दात खाल्ले, माझ्या मांडीवरून कटर ओढून घेतलं आणि तिथंच, माझ्यासमोर, वरची एक कळ फिरवून झाकण काढलं. आजवर तो ते आत नेऊन उघडायचा. आत बोटभर जाडीची जाळी होती. ती लालभडक होती. भुसा आणि तेल आणि त्यात मळलेलं लाल. पोळ्याच्या बैलाचं कपाळ जसं.

"हे काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? तुमचंच कुंकू. मशीनला हवा लागते. जाळी तुंबली की गुदमरतंय." हवेच्या नळीनं त्यानं ती झाडली. अंगणभर लाल धुरळा उडाला. मग जाळी पेट्रोलमध्ये खळबळून पुसली, परत बसवली. दोरी ओढली. एका झटक्यात कटर सुरू झालं. मला चहा प्यायलाही जास्त वेळ लागतो.

मी म्हणाले, "शेठ, तुमाला हे ठावं होतं?"

"पैल्या खेपेपासनं."

"मग सांगितलं कावून न्हाई? कुंकू टाकू नका, एवढंच तर सांगायचं होतं."

तो हार सारखे करत म्हणाला, "बाई, आमाला गावात धंदा करायचाय. कुंकू टाकू नका म्हणलं तर तुमीच बोंबलाल, शेठ देवाला नाव ठेवतो म्हणून. कुणाच्या देवात कावून हात घालायचा? आन् तुमी येत होता, मी करून देत होतो. अडलं कुठं?"

अडलं कुठं! त्या क्षणी कटर चालू होतं आणि ते माझ्या हातात नव्हतं, हे त्याचं नशीब. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पुढारी गाडीतून उतरत होता त्याच्यादेखत केला. पण आतून मात्र मला हसू यायला लागलं होतं. आजार कळला होता. जाळी झाडायची, बस्स. दात घासायच्या ब्रशनंही झाडता येईल. मालकांना सांगायचं, उंबराला पाहिजे तेवढं कुंकू वाहा, कटरला नुसता नमस्कार करा. देव काय, समजून घेईल. आता मालकांना झाडावर चढायची पाळी जन्मात येणार नव्हती.

मी आप्पारावला फोन लावला. लागला, पण कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. म्हटलं, बैलं पाजायला गेला असेल. जीपमध्ये बसल्यावर घाट लागला आणि रेंज गेली. टोपलं मांडीवर घेऊन मी स्वतःशीच बोलत होते, मालकांना कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. शेजारची बाई माझ्याकडं बघायला लागली. आणि मग, गावाची कमान दिसायच्या जरा आधी, माझंच बोलणं मला आठवलं. न्हाई म्हणेपतुर थांबतो, असं मालक म्हणाले होते. आणि न्हाई म्हणतो, असं मीच फोनवर सांगितलं होतं.

मी कमानीपासून ओढ्यापर्यंत पळाले. ह्या वयात, डोक्यावर टोपलं घेऊन पळाले.

वाटेत आप्पाराव भेटला, उलट दिशेनं पळत. बोलता येत नव्हतं त्याला. "माणसं... माणसं घेऊन येतो," एवढंच म्हणाला. कुठली माणसं आणणार होता? गावात होतं कोण?

उंबराखाली शेळ्या पाल्यावर तुटून पडल्या होत्या. एवढा ढीग मी त्या साली बघितला नव्हता. भली थोरली फांदी बुडातून मोडून आली होती. उंबराचं लाकूड कच्चं, कधी दगा देईल सांगता येत नाही, हे मालकांनीच मला कितीदा सांगितलेलं. ढिगापलीकडं त्यांचा पटका दिसला.

ते उताणे पडले होते. डोळे उघडे, शुद्धीवर. कपाळावर नुसतं खरचटलेलं. मी टोपलं टाकलं आणि त्यांच्याजवळ बसले. त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "लई लागलं का वं?"

"न्हाई गं. काईच लागलं न्हाई. फांदी बसली खाली, तिच्यासंगं मी बी बसलो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "जरा दम लागलाय, म्हणून पडलोय. पाला बघितला का? दोन दिस पुरतोय."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसले, रडले, त्यांना शिव्या दिल्या. बिरोबाच्याही नावानं बोटं मोडली. म्हणाले, "कटर नीट झालं. कुंकू अडकत होतं आत. आता कदी बंद पडायचं न्हाई."

"नीट झालं व्हय?" त्यांचे डोळे खरोखर चमकले. "बेस झालं. मग उद्यापासनं न्हाई चढत."

त्यांच्या मुठीत अजून एक डहाळी होती, वरच्या शेंड्याची, कोवळी. तांबडी तिच्यासाठी पुढं आली. तिचं तोंड पुरेना, म्हणून तिनं पुढचे दोन्ही खूर मालकांच्या नडगीवर रोवले. सळईचा तोच पाय. थंडीच्या दिवसांत त्या पायावर वाकळ पडली तरी ते कळवळून उठायचे. शेळीचा सगळा भार त्यावर होता. कातडं सोललं, रक्त आलं. मी वाट बघत राहिले, आता ओरडतील, आता पाय ओढून घेतील. ते माझ्याकडं बघून हसत होते आणि पाल्याचंच बोलत होते.

मी म्हणाले, "अवं, शेळी उभी हाय तुमच्या पायावर."

"कुठं?" मालक म्हणाले.