रपट्यावरचा थांबा

संघदीपचा लेख वर्षाने मला वाचून दाखवला. संघदीप माझा नातू. पुण्यात एका संस्थेत अर्थशास्त्राचं काम करतो, महिन्यातून दोनदा पेपरात लिहितो. मी ती कात्रणं शाळेच्या एका जुन्या हजेरीपटात ठेवते. बत्तीस वर्षं या तालुक्यात मास्तरीण होते, पण आता बारीक अक्षर दिसत नाही. शेजारची वर्षा वाचते, मी ऐकते.

लेखाचं नाव ‘रिकाम्या फेऱ्या’. मागणी नसेल तिथे सरकारने केवळ भावनेपोटी बस चालवू नये, त्याऐवजी फोन केला की येणाऱ्या बॅटरीच्या छोट्या गाड्या द्याव्यात, असं त्याचं म्हणणं. उदाहरण घाटंजी तालुक्यातल्या एका गावाचं होतं. सकाळची एसटी हमरस्ता सोडून चार किलोमीटर आत जाते, ती सरासरी दोन प्रवाशांसाठी.

वर्षा थांबली. “आजी, हे तं आपलंच गाव हाय.”

“वाच पुढं.”

पुढेही सगळं स्वच्छ लिहिलं होतं. छोटी वाक्यं लिहायला त्याला मीच शिकवलं होतं.

दहा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. एक तारखेपासून बस हमरस्त्यावरच्या फाट्यावरूनच जाणार, गावात येणार नाही. वर्षा घाटंजीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे वडील माझ्या अंगणात येऊन बसले.

“हिवाळ्यात सहाले अंधारात निघा लागन. चार किलोमीटर एकट्या पोरीले कसं धाडू, बाई? राहू द्या मंग कॉलेज.”

ते चिडले नव्हते. वर्षा दारात उभी राहून नखं पाहत होती.

मी संघदीपला फोन लावला.

“आजी, मी मनानं नाही लिहिलं. तिकिटाच्या मशीनचे तीन महिन्यांचे आकडे हायेत. गावातून दोन तिकिटं निघतात. बाकीचे सारे फाट्यावर चढतात.”

“फाट्यावर कोण चढते? तिथं चहाची टपरीबी नाही.”

“मशीन कायले खोटं बोलन?”

“तू लहानपणी कुठून चढत होता?”

“रपट्यावरून,” तो म्हणाला.

गावाबाहेर नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आहे, बौद्ध वस्तीच्या खालच्या अंगाला. वस्तीतले सगळे तिथूनच चढतात. कंडक्टर मागच्या सीटपर्यंत तिकिटं फाडत पोचतो तोवर फाटा येतो. मशीनवर चढायचं ठिकाण म्हणून त्याने फाटा आधीच लावलेला असतो. दोन रुपये कमी लागतात, म्हणून कोणी बोलत नाही.

एसटी गावात पहिल्यांदा आली त्रेसष्ट साली. मी पंधरा वर्षांची होते, धम्म घेऊन आम्हाला सात वर्षं झाली होती. थांबा पाटलाच्या ओट्यासमोर. बाकी गाव चढेपर्यंत आम्ही बाजूला उभं राहायचं, अशी रीत होती. अनेकदा बस भरून निघून जायची. एका सकाळी माझ्या वडिलांनी, श्रावण त्यांचं नाव, माझी पत्र्याची पेटी उचलली आणि मला रपट्यावर नेलं. बस आली तसा त्यांनी हात वर केला. ड्रायव्हर शंकरसिंगने गाडी थांबवली.

“यहाँ थांबा नाही.”

“आहे,” वडील म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तो थांबला. मग सगळेच थांबू लागले.

मी हे संघदीपला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

“हे कोणत्याच तक्त्यात नसते, आजी.”

त्याने आगारात बोलणं केलं. सात दिवस पुन्हा मोजणी करू म्हणाले, पण गावातल्या थांब्यावर.

“रपट्यावर माणूस धाडा म्हणा.”

“रपटा त्यांच्या यादीत नाही.”

“पेपरात दुरुस्ती देशील?”

“पुढच्या लेखात देतो. पण मुद्दा बदलत नाही, आजी. उदाहरण चुकलं फक्त.”

मी बरं म्हटलं.

सात दिवस गावातल्या थांब्यावरून चढा, असं सांगत वस्तीत घरोघरी मीच फिरले. कोणी वाद घातला नाही. रपट्यावरून का चढतो, हे तरुणांपैकी कोणाला माहीत नव्हतं. “तिथं सावली हाय म्हणून,” एक जण म्हणाला. तिथे झाड नाही.

सोमवारी थांब्यावर आम्ही तेवीस जण होतो. बाकावर पाटलांचे सदाशिवराव बसले होते. ते सरकले.

“या बाई, बसा.”

मी बसले. सिमेंट गार होतं. एवढ्या वर्षांत त्या बाकावर मी पहिल्यांदाच बसले होते, आणि मला काहीच वाटलं नाही. वाटेल म्हणून थोडा वेळ वाट पाहिली.

बस आली. “काय हो, वरात निघाली का?” कंडक्टर म्हणाला. त्याने गाडी उभी ठेवूनच तिकिटं फाडली. मी आधार कार्ड दाखवलं. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मिळतं ते शून्य रुपयांचं तिकीट त्याने दिलं. त्यावर आमच्या गावाचं नाव होतं.

रपट्यावर ड्रायव्हरने सवयीने ब्रेक मारला. कंडक्टरने दार उघडलं. बाहेर वाळलेलं गवत होतं.

“कोणी हाय का?” ड्रायव्हरने विचारलं.

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. कंडक्टरने दार ओढलं आणि दोनदा घंटी दिली.

सातही दिवस ड्रायव्हर रपट्यावर थांबला. निकाल यायचा होता म्हणून आठव्या दिवशीही आम्ही गावातूनच चढलो; त्या दिवशी तो थांबला नाही. त्याच दुपारी फेरी कायम ठेवल्याचा कागद फळ्यावर लागला. तो वर्षाने मला वाचून दाखवला.