भुताची घंटा

घाबरू नका, मित्रांनो. आणि पळूही नका. पळणारी माणसं बघून मला अगदी वीट आला आहे. ज्या घरासमोरून जाताना तुम्ही दप्तर छातीशी धरून धूम ठोकता, त्या घरातली ती घंटा मीच. मी भूत नाही आणि मला भुतानं कधी हातही लावलेला नाही. मी एक जुनी, मुठीएवढी पितळी घंटा आहे. आता अंगावर हिरवट डाग पडलेत आणि एका बाजूला कोळ्यानं संसार थाटलाय, पण आवाज अजून खणखणीत आहे. सगळं रामायण त्या आवाजामुळेच झालं.

ओताऱ्यानं मला ओतलं तेव्हा गार झाल्यावर खिळ्यानं टकटक करून पाहिलं होतं. मग तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "घेऊन जा बिनधास्त. हिचा आवाज ऐकून निजलेला उठेल आणि बसलेला धावेल." मला केवढा अभिमान वाटला! त्याचे शब्द पुढे कसे खरे होणार आहेत, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं.

ते गिऱ्हाईक म्हणजे गावातला पाववाला. खाली त्याची भट्टी आणि वर राहतं घर. वरच्या खोलीत त्याची आई पडून असे. अर्धांगवायूनं तिची एक बाजू गेली होती. खाली पीठ मळायचं यंत्र घरघरायचं, पत्र्याचे साचे आदळायचे, त्या गोंगाटात म्हातारीची हाक कुणाला ऐकू येणार? म्हणून मला आणलं. भट्टीच्या दाराजवळ उंचावर मला बसवलं. माझ्यापासून निघालेली तार धुराड्याच्या मागून वर जाई आणि जमिनीतल्या भोकातून म्हातारीच्या खाटेपाशी पोचे. तिथे तारेला दोरी बांधलेली होती. आईंच्या हाताला दोरी काचू नये म्हणून सुनेनं तिच्या टोकाला जुन्या चादरीची मऊ पट्टी गुंडाळली होती.

म्हातारीनं दोरी ओढली की मी वाजे, आणि मी वाजले की सून हातातलं काम टाकून जिना चढे. तिचे हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले असत. वर काय चालतं ते मला दिसत नसे, पण तारेच्या भोकातून बोलणं थेट माझ्या कानावर येई. एवढ्या वर्षांत तिनं कधी "आता काय आणखी?" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवा.

माझ्यात एक खोड होती. खोड माझी नव्हे, तारेची. भट्टी पेटली की धुराड्यामागची तार तापून सैल पडायची. दुपारी भट्टी निवली की ती पुन्हा ताणली जायची आणि मला एक हिसका बसायचा. टिण्ण! सून बिचारी धापा टाकत वर जायची.

"आई, बोलावलंत?"

"मी? नाही बाई."

"घंटा वाजली की."

"वाजली असेल. आलीच आहेस तर बस."

आणि ती बसायची. पहाटेपासून उभी असलेली ती बाई दिवसातून तेवढीच काय ती टेकत असे. म्हातारी आपल्या चांगल्या हातानं तिच्या केसांतलं पीठ झटकायची आणि म्हणायची, "ही घंटा माझ्या लेकापेक्षा शहाणी आहे. तू दमलीस की वाजते." पाववाल्यानं एकदा कारण शोधून काढलं आणि पक्कड घेऊन आला. "तार बदलूनच टाकतो," म्हणाला. तेव्हा दोघी एका सुरात म्हणाल्या, "राहू दे!" मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस विचाराल तर तेच.

मग म्हातारी गेली. झोपेतच गेली, सुनेनं पांघरूण सारखं केल्यावर. काही दिवसांनी भट्टी पुन्हा पेटली, दुपारी निवली आणि मी नेहमीसारखी वाजले. सवयीनं सून उठली आणि जिना चढू लागली. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं. ती तिथेच पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. भट्टीवरच्या नव्या कामगारानं मला वाजताना ऐकलं, तिला रडताना पाहिलं, आणि पिठाच्या हातांनीच तो समोरच्या दुकानात पळाला.

आता त्या दुकानाबद्दल सांगायला हवं. ते केस कापणाऱ्याचं दुकान. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण कात्री थांबली तरी त्याचं तोंड थांबत नसे. माणूस दुष्ट नव्हता हो. फक्त खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक कंटाळलेलं त्याला बघवत नसे. कामगारानं पराचा कावळा केला आणि रेडिओनं त्या कावळ्याला पंख लावून उडवून दिलं. आठवड्याभरात गोष्ट तयार झाली. म्हातारी वर उपाशी पडली होती. खाली पावाचा डोंगर, वर म्हातारीच्या पोटात कण नाही. ती घंटा वाजवून वाजवून मेली, पण सून काही जिना चढली नाही. म्हणून म्हातारी अजून रोज दुपारी घंटा वाजवते!

मी उंचावर बसून हे ऐकत होते. माझ्या लोलकाला तेव्हा जीभ असती तर! पण मला एकच शब्द येतो, आणि त्याचा अर्थ लोक आपापल्या मनानं लावतात.

गाव पाव घ्यायला दुसरीकडे जाऊ लागलं. कालपर्यंत जिच्या हातचा पाव आवडीनं खाल्ला, तिच्याकडे लोक बोट दाखवू लागले. पाण्याच्या नळावर ती आली की बायका आपली भांडी उचलून बाजूला होत. एके दिवशी ती तडक रस्ता ओलांडून रेडिओच्या दारात उभी राहिली. खुर्चीत एक जण तोंडाला साबण फासून बसला होता.

"काय रे, माझ्या सासूला मी उपाशी मारलं म्हणे?"

रेडिओचं तोंड पहिल्यांदाच हाताच्या आधी अडखळलं. "काकू, मी असं... म्हणजे लोक म्हणतात..."

"लोक तुझ्याच दुकानात बसून म्हणतात. चल माझ्याबरोबर. भट्टी आत्ताच विझवली आहे."

तिनं त्याला धुराड्यामागची तार दाखवली. दोघं उभी राहिली. तार निवली, ताणली गेली आणि मी त्याच्या डोळ्यांदेखत वाजले.

"हात्तिच्या! एवढंच होय?" तो हसायला लागला.

"एवढंच. आता हे सांग सगळ्यांना. भूत गेलं चुलीत, माझं नाव तेवढं धुऊन दे. मला बाकी काही नको."

"सांगतो ना काकू. आजच सांगतो."

आणि त्यानं खरंच सांगितलं. संध्याकाळी एका गिऱ्हाइकाला तो म्हणाला, "अरे, ते भूतबीत काही नाही. तार गार झाली की घंटा वाजते." गिऱ्हाइकानं जांभई दिली. "मग त्यात काय?" दुसऱ्यानं पेपर उघडला. दुकानात अशी शांतता पसरली की रेडिओ कासावीस झाला. थोड्या वेळानं तोच आवाज खाली आणून म्हणाला, "तरी पण... दर दुपारीच का वाजावी?" पेपर खाली आला. खुर्च्या जवळ सरकल्या. सत्याचं आयुष्य त्या दुकानात एका दाढीपुरतंसुद्धा टिकलं नाही.

अखेर भट्टी बंद पडली. पाववाला दुसऱ्याच्या भट्टीवर राबायला गेला आणि काही वर्षांनी तोही गेला. त्यांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी होती. ती परत परत फोन करायची. एकदा ती येऊनच म्हणाली, "आई, पुरे झालं. माझ्याकडे चल. इथे कोण आहे तुझं?"

"मी गेले तर लोक काय म्हणतील? सासूच्या भुतानं सुनेला हाकललं, असंच ना? मी इथेच राहणार. भूत असतं तर मी राहिले असते का, एवढं तरी कळेल कुणाला."

तिला तेवढंच हवं होतं, मित्रांनो. मरायच्या आधी एका माणसानं तरी म्हणावं, की ही बाई जिना चढत होती.

भट्टी थंड झाली तशी मी गप्प झाले. तापायला विस्तवच नाही, तर तार निवणार कशी? वर्षानुवर्षं मी वाजले नाही. पण गंमत बघा, मी गप्प बसले आणि माझा आवाज जास्तच लोकांना ऐकू येऊ लागला! कुणी घंटा ऐकल्याच्या शपथा घेई. सुट्टीच्या दिवशी बाहेरगावची माणसं घंटेचं घर बघायला येत. रेडिओ त्यांना दारात उभं राहून सगळी गोष्ट सांगे, आणि वर खिडकीत काकू दिसली की माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत. काकू खिडकी लावून घेई.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी काकू सासूच्या खोलीतली जळमटं काढायला स्टुलावर चढली. स्टूल कलंडलं. ती पडल्याचा आवाज मी ऐकला, मग बराच वेळ नुसतं कण्हणं. तिला उठता येईना. फोन स्वयंपाकघरात होता. खाटेपाशी मात्र माझी दोरी अजून लोंबत होती, तीच मऊ पट्टी गुंडाळलेली. ती सरपटत तिथवर गेली.

तारेला हिसका बसला. आधी माझाच विश्वास बसेना. मग मी वाजले. सगळी धूळ झटकून, जीव तोडून वाजले.

समोरचं दुकान माणसांनी भरलं होतं. माझा आवाज तिथवर पोचला. मग एकच पळापळ झाली. एक जण अर्धी दाढी झालेली, गळ्यात टॉवेल तसाच, रस्त्यानं धावत सुटला. ओताऱ्याचं म्हणणं खरं ठरलं. बसलेला धावला, फक्त उलट्या दिशेनं. बाहेरगावच्या एकानं मोबाइल वर धरला आणि म्हणाला, "कुणी बोलू नका रे, आवाज नीट येऊ दे."

तार गार होऊन ओढली गेली तरी टिण्ण आणि माणसानं जिवाच्या आकांतानं ओढली तरी टिण्ण. "भूत नाही, काकू आहे, काकू!" हे मी कशी सांगणार होते? पण एका माणसाला ते कळायला हवं होतं. त्याचा चेहरा मला दाराच्या फटीतून दिसत होता.

"भट्टी बंद आहे," रेडिओ पुटपुटला.

"काय?"

"अरे, भट्टी थंड आहे! मग घंटा वाजेल कशी?"

"म्हणून तर सगळे म्हणतात ना, भूत आहे!"

रेडिओ रस्ता ओलांडून आला. त्यानं दाराच्या कडीवर हात ठेवला. मी वाजत होते. ती गोष्ट त्यानं इतक्यांदा, इतकी रंगवून सांगितली होती की भरदुपारी त्याची त्यालाच खरी वाटू लागली होती. त्यानं हात मागे घेतला आणि तो परत फिरला.

हळूहळू दोरी ओढणारा हात थकला. दोन वाजण्यांमधलं अंतर वाढत गेलं आणि मी थांबले. "गेलं एकदाचं," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी चहा मागवला.

उन्हं कलली. रेडिओनं एकाचे केस अर्धेच कापून कात्री खाली ठेवली आणि तो उठला. या वेळी तो कडीपाशी थांबला नाही, खांद्यानं दारच ढकललं. जुना अडसर मोडला. माझ्याखालून तो जिन्याकडे धावला. वरून त्याची किंकाळी आली, "काकू! अहो काकू!"

मग तिचा आवाज, अगदी खोल गेलेला. "आलास?"

"काकू, मला वाटलं... मला वाटलं..."

"आलाच आहेस तर बस."

पुढे कितीतरी वेळ मला फक्त एका मोठ्या माणसाचं रडणं ऐकू येत होतं. नंतर तो रस्त्यावर जाऊन ओरडला, तेव्हा सगळं गाव धावलं. त्याच लोकांनी तिला फळीवर घालून काळजीनं खाली आणलं. गाव वाईट नाही, मित्रांनो. हेच मला जास्त छळतं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "दुपारी का नाही आणलंत?" त्याच आठवड्यात काकू गेली.

वर एक म्हातारी आहे, ती घंटा वाजवते, खाली माणसं आहेत आणि कुणी जिना चढत नाही. तोवर हे एकदाही घडलं नव्हतं. सगळी गोष्ट खोटी होती. त्या दुपारी गावानं ती खरी करून दाखवली.

मुलगी आली. तिनं दोरीची पट्टी सोडून घेतली आणि घराला कुलूप लावलं. किल्ली रेडिओकडे असते. तो आता कुणालाही दोन्ही बायकांची खरी हकीकत सांगतो, पहिल्यापासून, आपलं काही न लपवता. पण लोक ऐकून घेतात आणि विचारतात, "म्हणजे आता इथे दोन भुतं आहेत ना?" मग तो मान खाली घालून कात्री चालवतो. त्याचं दुकान हल्ली फार शांत असतं.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. मला घासून पुसून चकचकीत करा, असं माझं मागणं नाही. कोळ्याला राहू दे माझ्या अंगावर. पण कधी एखाद्या बंद घरातून, अंधाऱ्या जिन्याच्या टोकावरून आवाज आला, तर घरातल्या मोठ्या माणसाचा हात धरा आणि आधी वर जाऊन बघा. वर भूत असलं तर ते थांबेल, त्याला कसली घाई? माणसाला तेवढा वेळ नसतो.